आकाशवाणी पणजीचा ऐंशीच्या दशकातला एक बोलका दिवस पुन्हा कसा उभा करावा?

प्रश्न थोडक्यात असा: फोंड्याच्या एका वाचनालयाला वर्धापनदिनी 1985-86 च्या सुमाराचा आकाशवाणी पणजीचा एक अख्खा दिवस लोकांना ऐकवायचा आहे. गाण्यांचे कार्यक्रम वगळून फक्त बोलण्याचे, म्हणजे बातम्या, भाषणं, शेतकऱ्यांसाठीचा आणि महिलांसाठीचा कार्यक्रम, मुलाखत, श्रुतिका. हाताशी दोन-तीन घरगुती कॅसेट, वर्तमानपत्रांची कात्रणं आणि हौशी नाट्यमंडळातली मुलं आहेत. सुरुवात कुठून करायची आणि काय काय चुकू शकतं?

सुरुवात घड्याळ आणि कागदापासून करा. आवाज कुणाचा घ्यायचा, पार्श्वसंगीत कोणतं, हे प्रश्न खूप नंतरचे. त्या काळी रेडिओचा दिवस सेकंदांवर उभा असायचा आणि तो आधी कागदावर पूर्ण व्हायचा. ध्वनिफिती पुसून पुन्हा वापरल्या जात, कारण फीत महाग आणि मोजकी. त्यामुळे रोजच्या भाषणांचं मूळ ध्वनिमुद्रण मिळेल या आशेवर थांबू नका. कार्यक्रमपत्रिका मात्र रोज वर्तमानपत्रांत छापून यायची. पणजीत पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात ‘गोमन्तक’, ‘नवप्रभा’ यांसारख्या दैनिकांचे जुने अंक चाळा. एकाच दिवसाची पत्रिका घेऊ नका, सलग दोन आठवड्यांच्या उतरवून घ्या. कार्यक्रमांचं चक्र आठवड्याचं असे, त्यामुळे कोणता वार कशाचा हे दोन आठवडे शेजारी ठेवल्यावरच उमगतं.

दिवस निवडताना साधा कामाचा वार घ्या. 30 मे 1987, म्हणजे गोवा घटकराज्य झालं तो दिवस, सगळ्यांना आधी सुचतो. पण अशा दिवशी नेहमीची पत्रिका बाजूला पडते आणि विशेष कार्यक्रम येतात, त्यातून रोजचा रेडिओ कळत नाही. राजभाषेच्या (कोकणी की मराठी या) आंदोलनाचे महिने, विशेषतः 1986 चा शेवट, निवडायचे असतील तर बातमीपत्राचा मजकूर फार जपून लिहावा लागेल. ज्यांनी तो काळ सोसला ते श्रोत्यांत बसलेले असतील. जुलैमधला एखादा बुधवार किंवा गुरुवार माझ्या मते सगळ्यात चांगला. शेत, समुद्र, पाऊस, शाळा, सगळं त्या दिवसांत रेडिओवर येतं.

दिवस अखंड नव्हता, हे आधी पक्कं करा. सकाळची, दुपारची आणि संध्याकाळची अशा तीन सभा असत आणि मधल्या वेळात प्रक्षेपण बंद. तुमच्या सादरीकरणातही तीन तुकडे ठेवा. सकाळच्या सभेची सुरुवात आकाशवाणीच्या संकेतधुनीने होई. ती धुन वॉल्टर कॉफमन यांनी 1936 मध्ये बांधली. मग वंदे मातरम्, मंगल ध्वनी, चिंतनाची दोन-तीन मिनिटं. प्रत्येक सभेच्या तोंडाला केंद्राचं नाव, लहरींची लांबी आणि किलोहर्ट्झ सांगितले जात. पणजीची मध्यम लहर 1287 किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे 233 मीटर. हे वाक्य निवेदकाने चुकवलं तर जुन्या श्रोत्याचा विश्वास तिथेच उडतो.

आता एक मोठा कागद घ्या आणि त्यावर अढळ वेळा मांडा. दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या बातम्या ही त्यातली पहिली गोष्ट: सकाळी 8 ला हिंदी, 8.30 ला मराठी; दुपारी 1.30 ला पुन्हा मराठी, रात्री 8.45 ला हिंदी आणि 9 ला इंग्रजी. यांपैकी तुमच्या निवडलेल्या दिवशी पणजीने कोणत्या घेतल्या, कोकणीच्या कोणत्या वेळी आणि स्थानिक वार्तापत्रं कधी, हे पत्रिकेवरून भरा. या वेळा एक सेकंदही हलत नाहीत. दिल्ली कुणासाठी थांबत नाही. म्हणून मधल्या जागा मोजून भराव्या लागतात, आणि रेडिओवाल्याचं निम्मं कसब त्या भरण्यातच असे.

पंधरा मिनिटांच्या जागेत कार्यक्रम साडेचौदा मिनिटांचा करतात. त्यात आधीचं आणि नंतरचं निवेदन मिळून चाळीस-पंचेचाळीस सेकंद जातात. हातात उरतात पावणेचौदा मिनिटं. मराठी भाषण नीट, समजेल असं वाचलं तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. म्हणजे संहिता चौदाशे शब्दांच्या आत. हौशी लेखक हमखास दोन हजार शब्द आणतात, मग वाचणारा धावतो आणि ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. उलट कमी पडलं तर उरलेल्या जागेत वाद्यसंगीताची तबकडी लावतात, पण ती पुढच्या वेळेच्या हिशेबाने: पुढचा कार्यक्रम 7.05 ला असेल तर 7.04.40 पासून आवाज हळूहळू खाली आणायचा, निवेदन, आणि बरोबर वेळेवर पुढचा आवाज. तबकडीच्या मध्येच तोडलेलं वाद्य कानाला टोचतं, हे आधी सराव करून टाळा.

या सगळ्याचा कागद म्हणजे क्यू-शीट. तुमच्यासाठी सात रकाने पुरेत: वेळ (तास, मिनिट, सेकंद), कार्यक्रम, थेट की फितीवरून, फितीचा क्रमांक, पहिले शब्द, शेवटचे शब्द, कालावधी. पहिले आणि शेवटचे शब्द लिहिणं अजिबात टाळू नका. तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या माणसाला कार्यक्रम संपतोय हे त्या शेवटच्या चार शब्दांवरूनच कळतं. ‘धन्यवाद’ हा शेवटचा शब्द म्हणून लिहून ठेवणं निरुपयोगी, कारण वक्ता भाषणाच्या मध्येही धन्यवाद म्हणतो. ड्यूटी ऑफिसर प्रत्यक्षात काय घडलं ते दिवसभर नोंदवत असे: कोण उशिरा आलं, कुठे किती सेकंद शांतता पडली, दिल्लीची लाईन केव्हा खरखरली. तुमच्यातल्या एकाला फक्त हेच काम द्या.

भाषणाच्या संहितेवर जास्त वेळ घालवा. इथेच बहुतेक जण पडतात. छापण्यासाठी लिहिलेलं वाक्य रेडिओवर चालत नाही, कारण श्रोत्याला मागची ओळ पुन्हा पाहता येत नाही. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातलं एक उदाहरण घ्या. कृषी अधिकारी लिहून आणतात: ‘लावणीनंतर सरद (पावसाळी) भाताला वरखताच्या दुसऱ्या हप्त्यात हेक्टरी 20 किलो नत्र युरियाद्वारे द्यावे.’ सगळं बरोबर आहे, पण बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून काम करणाऱ्याच्या हाती काय लागलं? नत्र आणि युरिया एकच असं समजून तो वीस किलो युरिया टाकील. युरियात नत्र शेकडा 46, म्हणून वीस किलो नत्रासाठी साडेत्रेचाळीस किलो युरिया लागतो. रेडिओसाठी ते असं होतं: ‘आता वरखताचा दुसरा हप्ता. एका हेक्टरला युरियाची पन्नास किलोची एक गोणी घ्या. त्यातला साडेसहा किलो बाजूला काढून ठेवा. उरलेला शेतात द्या. पुन्हा सांगतो, एका हेक्टरला एका गोणीला थोडा कमी.’ एका वाक्यात एकच आकडा, महत्त्वाचा आकडा दोनदा, आणि माप घरात असलेल्या वस्तूचं. खाजन शेती (खाडीकाठची बांध घातलेली), मानशीची दारं (तिथलं पाणी अडवणारी-सोडणारी), वायंगण (पावसाळ्यानंतरचं भात), हे शब्द गोव्याच्या श्रोत्याला परके नाहीत, ते तसेच ठेवा. त्यांच्या जागी पुस्तकी शब्द घातले तर कार्यक्रम दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्याचा वाटतो.

संहिता कागदाच्या एकाच बाजूला, दुहेरी अंतराने. टाचणी किंवा स्टेपल नको. सुटे कागद, क्रमांक घातलेले. वाचून झालेलं पान उलटायचं नाही, हळूच बाजूला सरकवायचं. पानाच्या शेवटी वाक्य अर्धं ठेवू नका, नाहीतर प्रत्येक पानाला अडखळणं ऐकू येतं. पातळ कागद जास्त वाजतो. मायक्रोफोनपासून तोंड वीत-दीड वीत, किंचित तिरपं. समोरून बोललं की ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. संहिता आधी तपासली जाई, आणि मान्य झालेल्या मजकुराबाहेर बोलायची मुभा नसे: कुणा जातिधर्मावर टीका नको, मित्रराष्ट्रावर नको, न्यायालयाची बेअदबी नको. तुमच्या लेखकांनाही ही चौकट द्या. त्या काळाच्या भाषणात जी सावध, मोजकी भाषा ऐकू येते ती या चौकटीतूनच आलेली आहे.

उच्चारांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. निवेदक प्रमाण मराठी वाचत, पण गोव्यातल्या माणसाच्या मराठीला कोकणीची लय असते आणि ती त्या केंद्राची ओळख होती. मुलांना पुणेरी थाटात वाचायला लावू नका. तशीच कोकणी वगळू नका. पणजीचा दिवस दोन्ही भाषांचा होता. घरात कोकणी बोलणारा आणि भजन, नाटक, वर्तमानपत्र मराठीत अनुभवणारा श्रोता दोन्ही कार्यक्रम आपलेच म्हणून ऐकायचा. पूर्ण मराठी दिवस केलात तर तो पणजीचा राहणार नाही. कवी बाकीबाब बोरकर 1970 पर्यंत पुणे आणि पणजी केंद्रांवर कामाला होते आणि दोन्ही भाषांत लिहीत. केंद्राचं त्याआधीच्या पिढीतलं वातावरण कळायला त्यांचं गद्य वाचायला द्या.

दुपारच्या सभेतला महिलांचा कार्यक्रम संवादाचा ठेवा. दोन बायका बोलतात आणि पत्रोत्तरं देतात, असा घाट त्याला शोभतो. श्रोत्यांची पत्रं पोस्टकार्डांवर येत, ती वाचताना गावाचं नाव आवर्जून घेत: केपे, सांखळी, काणकोण, मडकई. खरी नावं-पत्ते वापरू नका, फक्त गाव पुरे.

मुलाखत बाहेरून आणायची असेल तर त्या काळची पद्धत कळणं गरजेचं आहे, कारण तिच्यामुळे मुलाखतीचा आवाजच वेगळा होतो. खांद्याला लावायचं उहेर कंपनीचं ध्वनिमुद्रण यंत्र, पाच इंची रीळ, टॉर्चचे पाच मोठे सेल. सेकंदाला 19 सेंटिमीटर वेगाने सहाशे फुटांच्या रिळावर सोळा मिनिटं बसतात. म्हणून मुलाखतकार प्रश्न आधीच ठरवून जात आणि फाफटपसारा ऐकून घेत नसत. संपादन ब्लेडने: खोकला आला की फीत हाताने पुढेमागे फिरवून जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलीने खूण, खाचेच्या ठोकळ्यावर 45 अंशांत तिरपा छेद, आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. पाव सेकंदाचा श्वास म्हणजे पावणेपाच सेंटिमीटर फीत. छेद सरळ घेतला तर जोडावर टक्‌ असा आवाज येतो, तिरपा घेतला की एक आवाज दुसऱ्यात मिसळतो. श्वास सगळेच्या सगळे कापले की माणूस यंत्रासारखा बोलतो, तेव्हा वाक्यामागचा श्वास राहू द्या. संगणकावर करत असाल तरी हाच नियम.

संध्याकाळच्या हवामानाच्या सूचना विसरू नका. गोव्याला किनारा आहे, आणि पावसाळ्यात मच्छीमारांना दिलेला इशारा हा त्या दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा एक-दीड मिनिट. बंदरावर तीन नंबरचा बावटा लावला आहे, वाऱ्याचा वेग ताशी इतके किलोमीटर, दक्षिण-पश्चिमेकडून, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. हे सावकाश आणि दोनदा वाचतात. नाट्यमंडळातली मुलं यात भाव भरतात. भरू देऊ नका. सपाट, स्पष्ट, ठाम वाचन हवं.

रात्रीच्या श्रुतिकेला तालमीसकट पूर्ण एक दिवस राखून ठेवा. महिन्याच्या चौथ्या गुरुवारी नाटकांचा अखिल भारतीय कार्यक्रम असे. एकच नाटक निरनिराळ्या भाषांत अनुवाद होऊन केंद्रांवरून त्याच रात्री लागे, त्यामुळे गुरुवार निवडलात तर पत्रिका तपासा. सादरीकरणात दोन गोष्टी बिघडतात. पहिली, पात्रं एकमेकांसारखी ऐकू येतात. आवाजाची निवड डोळे मिटून करा, आणि पात्राचं नाव पहिल्या दोन संवादांत कुणाच्या तरी तोंडी येऊ द्या. दुसरी, अंतर. रिबन मायक्रोफोन दोन्ही बाजूंनी ऐकतो आणि कडेने बहिरा असतो. म्हणून नट समोरासमोर उभे राहत आणि ‘आत येताना’ कडेच्या बहिऱ्या बाजूने चालत पुढे येत. तुमच्याकडे एकतर्फी माइक असला तर दोन पावलं मागून बोलत पुढे या; आवाजाचा दांडा खालीवर करून तो परिणाम साधत नाही, कारण खोलीचा घुमारा तसाच राहतो. वाचनालयाच्या दालनात घुमारा फार असेल तर जाड गोधड्या आणि सतरंज्या तीन बाजूंनी टांगा. भाषणासाठी आवाज लगेच विरायला हवा.

आता तुमच्या कॅसेट. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. आधी पावसाळ्यातली ओल काढा: हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत आठवडाभर ठेवा, मग जाणकाराकडून साफ करून घ्या. ऐकण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळा. यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आवाज दबका, गोधडीखालून आल्यासारखा वाटला तर हेडचा कोन जुळलेला नाही. हेडशेजारचा लहान स्क्रू अगदी हळू फिरवून ‘स’ आणि ‘श’ सगळ्यात स्पष्ट येतील तिथे थांबा. संगणकावरची नोंद 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, दाबून लहान न केलेली फाइल.

घरी नोंदताना सेल अशक्त असले तर यंत्र हळू फिरे, आणि आज नीट वेगाने वाजवलं की माणसं घाईने, पातळ आवाजात बोलतात. दुरुस्तीसाठी कॅसेटवर वेळेचे टोले, म्हणजे रेडिओवर अचूक वेळ सांगायला वाजणारे ठोके, सापडतात का पाहा. ते एकेका सेकंदाने पडतात, म्हणजे सहा टोल्यांत पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत बरोबर पाच सेकंद. मोजल्यावर 4.85 आले तर वेग 0.97 पट करा. नुसती लांबी ताणणारी आज्ञा वापरू नका, स्वरही उतरवणारी वापरा. हे एवढं केल्यावर ओळखीच्या निवेदकाचा आवाज जागेवर येतो.

नव्याने नोंदलेल्या भागांना रेडिओचा आवाज देताना 150 हर्ट्झच्या खालचं आणि साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं कापा. मध्यम लहरीवर केंद्रं नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली, त्यामुळे घरातल्या रेडिओवर त्याहून फारसं वरचं ऐकूच येत नसे. सगळीकडे खरखर ओतू नका. दिवसा फोंड्यात पणजी स्वच्छ लागायची. रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून आलेली दूरची केंद्रं मिसळतात, तेव्हा हलकी शीळ आणि आवाजाची भरती-ओहोटी येते; जुलैत वीज चमकली की कडकड. दिल्लीच्या बातम्यांचा आवाज मात्र निराळाच हवा. पूर्वी त्या टेलिफोनच्या लाईनीवरून किंवा लघुलहरीवर पकडून घेत, त्यामुळे त्या अरुंद आणि डगमगत्या ऐकू येत. 1983 मध्ये इन्सॅट-1बी वर गेल्यानंतर उपग्रहाचं जाळं जसं केंद्राकेंद्रांत पोचलं तसा हा फरक मिटत गेला. तुमचं वर्ष या बदलाच्या काळातलं आहे. थोडा अरुंद आवाज ठेवा, पण शब्द बुडवू नका.

एक-दोन ठिकाणी ठरवून व्यत्यय ठेवायला हरकत नाही. पावसात वीज गेली की प्रक्षेपण तुटे, आणि परत आल्यावर निवेदक शांतपणे ‘तांत्रिक कारणाने कार्यक्रमात आलेल्या व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ म्हणून कार्यक्रम आहे तिथून पुढे नेई. तुटलेला भाग पुन्हा लावत नसत, घड्याळ पुढे गेलेलं असे.

परवानग्यांचं शेवटी, पण जाहिरात छापण्याआधी. कॅसेटवरचं ध्वनिमुद्रण तुमच्या घरातलं असलं तरी कार्यक्रमाचा हक्क आकाशवाणीचा आणि लेखक-कलाकारांचा आहे. सार्वजनिक ठिकाणी ऐकवण्यासाठी केंद्राला लेखी पत्र द्या, त्यात तारीख, कालावधी आणि प्रवेश मोफत आहे की नाही हे लिहा. नव्याने लिहिलेल्या बातमीपत्राच्या आधी आणि नंतर ‘ही पुनर्निर्मिती आहे’ असं निवेदन घाला, आणि मजकूर त्या तारखेच्या वर्तमानपत्रातून घ्या, कल्पनेने रचू नका. क्यू-शीटची एक प्रत दाराशी लावा. ज्यांनी तो काळ ऐकला आहे ते तिच्यावर पेन्सिलीने दुरुस्त्या लिहितील, त्या वाचनालयात जपून ठेवा.